आमची शाळा नॉर्वेच्या वर समुद्रात गेली (भूगोलाचे शिक्षक, संगणकावरचे नकाशे आणि आमचे शनिवार)

नकाशेवाली

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होते, पहिलाच धागा काढतेय, सांभाळून घ्या.

परळच्या एका अनुदानित मराठी शाळेत भूगोल शिकवते. २१ वर्षं झाली. दिवाळीनंतर आमच्या भागातल्या काही शाळांनी मिळून ठरवलं की भूगोलाच्या शिक्षकांनी संगणकावरचे नकाशे शिकून घ्यायचे. "तुम्हाला येतं ना बाई, मग तुम्हीच शिकवा" म्हणत माळ माझ्या गळ्यात पडली. मला येतं म्हणजे किती, तर लेकाच्या इंजिनीअरिंगच्या प्रोजेक्टच्या वेळी त्याच्या शेजारी बसून जेवढं क्यूजीआयएस (नकाशे बनवायचं सॉफ्टवेअर) पाहिलं तेवढं. फुकट आहे, लॉगिन लागत नाही, म्हणून तेच निवडलं.

पहिला शनिवार. शिक्षक चौदा, संगणक कक्षातली चालू मशीन नऊ. सगळ्यांनी आपापल्या शाळेचे अक्षांश-रेखांश मोबाइलवर बघून लिहून आणायचे, एक्सेलमध्ये भरायचे, त्याची सीएसव्ही (स्वल्पविराम देऊन आकडे साठवणारी साधी फाइल) करायची आणि नकाशावर टिंबं पाडायची. इतकंच. म्हटलं अर्ध्या तासात आटपेल, मग पुढचं घेऊ.

टिंबं पडली. तीन शाळा नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात. सायनची एक शाळा भर अरबी समुद्रात, किनाऱ्यापासून तीसेक किलोमीटर आत. दोन शाळा तर दिसेचनात.

आधी हशा, मग माझा घाम. लेकाला फोन लावणार होते, पण एका सरांनीच पकडलं. आपण आयुष्यभर मुलांना "आधी अक्षांश, मग रेखांश" शिकवलं. संगणक आधी एक्स मागतो, एक्स म्हणजे रेखांश. या तिघांनी एक्सच्या जागी १९ टाकलं आणि वायच्या जागी ७२.८. त्यामुळे शाळा ७२.८ उत्तर, १९ पूर्व अशा ठिकाणी गेल्या. ॲटलास काढून बघितलं, तिथे खरंच समुद्र आहे. संगणकाने काही चुकवलं नव्हतं, त्याला सांगितलं तिथेच त्याने नेऊन ठेवलं.

सायनच्या बाईंनी ७२ अंश ५१ मिनिटं लिहून आणलं होतं आणि भरताना ७२.५१ केलं. ५१ मिनिटं म्हणजे अंशाचे साठातले ५१ भाग, म्हणजे ०.८५. "अहो, हे मी दरवर्षी शिकवते, एका अंशाची साठ मिनिटं म्हणून!" असं त्या स्वतःच म्हणाल्या आणि डोक्याला हात लावला. न दिसणाऱ्या दोन शाळांनी आकडे देवनागरीत लिहिले होते. त्या बिचाऱ्या यंत्राला '१९' हा आकडा वाटतच नाही, अक्षरं वाटतात.

पुढे काहीही झालं नाही, तीन तास यातच गेले. पण खरं सांगू? माझ्या २१ वर्षांत अक्षांश-रेखांशावर इतका चांगला तास झालेला नाही, आणि तो शिक्षकांचा होता.

आता मुद्दा. दोन वर्षांपूर्वी अशाच एका प्रशिक्षणाला गेले होते. कुणाचं ते सांगत नाही. ओडी (ऑन ड्यूटी) मिळाली, उपमा चांगला होता. सकाळचा दीड तास 'जीआयएसचे (भौगोलिक माहिती प्रणालीचे) घटक': हार्डवेअर, सॉफ्टवेअर, डेटा, माणसं, पद्धती. मग लॉगिन. साठ माणसं एका वायफायवर, ओटीपी यजमानांच्या फोनवर आणि यजमान ऑफिसात. जेवणानंतर तज्ज्ञ सरांनी पडद्यावर भराभर क्लिक करून दाखवलं, "हे दाबा, मग हे दाबा, झाला बफर." बफर म्हणजे एखाद्या गोष्टीभोवती ठरावीक अंतराचा पट्टा. तो कशाभोवती, कशासाठी, कोणत्या इयत्तेला, काही नाही. चार वाजता बॅनरपुढे फोटो. सोमवारी वर्गात उभी राहिले तेव्हा माझ्याकडे एक प्रमाणपत्र होतं, बाकी काही नाही.

मला हे उलटं करायचंय. आधी धडा, त्यातला प्रश्न, आणि त्या प्रश्नाला लागेल तेवढंच बटण. अजून चार शनिवार हातात आहेत. जाणकारांनी आणि विशेषतः शिक्षकांनी सांगा, काय घेऊ आणि काय टाळू?

चहाबिस्किट

नॉर्वे वाचून ऑफिसात मोठ्याने हसलो. छान धागा. वाचतोय. पुढील लेखनास शुभेच्छा.

पाटीपेन्सिल

मी निवृत्त भूगोल शिक्षक. तुमची कळकळ समजते बाई, पण थोडं कडू बोलतो.

आमच्या वेळी सर्व्हे ऑफ इंडियाचं टोपोशीट (स्थलनिर्देशक नकाशा) टेबलावर पसरायचं आणि मुलं त्याभोवती उभी राहायची. मुंबईची गंमत अशी की ती एका शीटवर मावतच नाही. १९ अंश उत्तर अक्षवृत्त शहराच्या मधून जातं. त्याच्या वरची मुंबई ४७ए/१६ वर आणि खालची ४७बी/१३ वर. मी दोन्ही शीटं चिकटपट्टीने जोडून ठेवली होती. मुलांना विचारायचो, हा सांधा कुठून जातो ते लोकलमधून सांगा. तो लोअर परळ आणि तेव्हाचं एल्फिन्स्टन रोड, म्हणजे आताचं प्रभादेवी, यांच्या मधून जातो. एक पोरगा दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाला, "सर, मी रोज एकोणीस अंश ओलांडून शाळेत येतो." ही जाण पडद्यावर बोटाने नकाशा चिमटीत पकडून मोठा-लहान केल्याने येते का? चिमटीत प्रमाणच हरवतं. एक सेंटिमीटर म्हणजे अर्धा किलोमीटर हे हाताला कळायला लागतं. समोच्चरेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणारी) स्वतः गिरवलेल्या मुलाला उतार कळतो. यंत्राने काढून दिली की ती नुसती नक्षी.

हे शिकवू नका असं नाही. पण शिक्षकाला स्वतःला टोपोशीट वाचता येत नसेल तर संगणकावर तो काय वाचणार?

समोच्च

@नकाशेवाली, मी गेली बारा वर्षं अंधेरीत याच क्षेत्रात नोकरी करतो. तुमच्या पहिल्या शनिवारात जे झालं ते आमच्याकडे नव्या मुलांचं पहिल्या आठवड्यात होतं, फरक इतकाच की ते लपवतात. :)

पुढे येणारे खड्डे आधीच सांगून ठेवतो.

पहिला आणि सगळ्यात मोठा: प्रक्षेपण, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडायची पद्धत. तुम्ही रिकाम्या प्रकल्पात सगळ्यात आधी मागे गूगलचा किंवा ओपनस्ट्रीटमॅपचा नकाशा लावला की प्रकल्प गुपचूप वेब मर्केटरमध्ये जातो (प्रक्षेपणाचा संकेतांक ईपीएसजी ३८५७). त्यात मोजमाप केलं आणि मोजपट्टीच्या खिडकीत 'कार्टेशियन' (सपाट) निवडलेलं असलं, तर मुंबईच्या अक्षांशावर लांबी साधारण ६ टक्के आणि क्षेत्रफळ जवळपास १२ टक्के जास्त येतं. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान १०४ चौ.किमी.च्या आसपास आहे. अशा मोजणीत ते ११६ च्या घरात जातं. मुलाने पुस्तकातला आकडा काढून विचारलं की बाईंची पंचाईत. उपाय सोपा: मोजताना 'एलिप्सॉइडल' (पृथ्वीचा गोलाकार धरणारं) ठेवा, किंवा प्रकल्प यूटीएम ४३ उत्तर या प्रक्षेपणात (ईपीएसजी ३२६४३) न्या. ७२ ते ७८ पूर्वचा पट्टा, मुंबई त्यात आरामात बसते.

आणि हीच चूक दहावीला धडा म्हणून वापरा. वर्षभर भारत आणि ब्राझील शिकवता ना? वेब मर्केटरमध्ये ब्राझील आणि ग्रीनलंड शेजारी दाखवा. ग्रीनलंड मोठं दिसतं. खरं क्षेत्रफळ ब्राझीलचं ८५ लाख चौ.किमी., ग्रीनलंडचं २२ लाखांच्याही आत. जवळजवळ चौपट! मग प्रक्षेपण बदलायचं आणि मुलांसमोर ग्रीनलंड आक्रसू द्यायचं. वर्गातून "ओऽऽ" येणार, लिहून देतो.

दुसरा: शेपफाइल (नकाशा साठवायचा जुना फाइलप्रकार) नको. त्यात रकान्याच्या नावाला १० बाइटचीच जागा असते आणि देवनागरीच्या एकेका चिन्हाला यूटीएफ-८मध्ये ३ बाइट लागतात. 'लोकसंख्या' लिहाल आणि 'लोक' उरेल. जिओपॅकेज या नव्या फाइलप्रकारात साठवा. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या याद्या कुणी आणल्या तर हात लावू नका, आधी युनिकोड करून घ्या.

तिसरा: लॅबमधली जुनी ३२-बिटवाली मशीन असतील तर क्यूजीआयएसच्या नव्या आवृत्त्या त्यांवर चढणारच नाहीत. शुक्रवारी संध्याकाळी जाऊन बघून घ्या, शनिवारी सकाळी नको.

@पाटीपेन्सिल काका, चिकटपट्टीने जोडलेली शीटं हे आमच्या धंद्यातलं सर्वात जुनं 'मर्ज'. नमस्कार घ्या.

बोरिवली_स्लो

पालक म्हणून एक शंका. मुलीच्या शाळेत "आपलं घर नकाशावर दाखवा" असा उपक्रम झाला. सगळ्या वर्गाचा एकच नकाशा, टिंबावर क्लिक केलं की मुलाचं नाव, आणि त्याची लिंक पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. ग्रुपात शंभरावर माणसं, कोण कोण आहे देव जाणे. मी बोललो तर "तुम्हीच जास्त विचार करता" असं झालं. मी जास्त विचार करतोय का?

नकाशेवाली

अजिबात नाही. मीही पहिल्या आराखड्यात 'माझं घर' ठेवलं होतं, ते आत्ता काढून टाकलं. घराऐवजी जवळचा चौक किंवा बसथांबा, आणि नावाऐवजी फक्त 'चालत / बस / ट्रेन'. मुलं शाळेत कशी येतात हा प्रश्न तेवढ्यानेही सुटतो. आभार.

समोच्च, ११६ चं वाचून मी लगेच मोजून पाहिलं. माझ्या मशीनवर कार्टेशियनच होतं. म्हणजे शनिवारी मी अख्ख्या वर्गासमोर...! जाऊ दे.

काका, तुमचं कडू आवडलं. दुसऱ्या शनिवारी तुमची दोन शीटं आणाल का? गंमत करत नाहीये.

वेलदोडा

आमच्याकडे वेगळाच प्रकार झाला, नव्याने शिकवणाऱ्यांनी वाचाच. नववीच्या वर्गात भारताचा कोरा नकाशा हवा म्हणून इंटरनेटवरून जगाच्या सीमांची एक फुकट फाइल उतरवली. भारत वेगळा काढला, रंग दिला, प्रोजेक्टरवर टाकला. काश्मीरचा वरचा भाग कापलेला! माझ्या लक्षात येण्याआधी मागच्या बाकावरच्या एकाच्या लक्षात आलं. संध्याकाळपर्यंत मुख्याध्यापकांकडे पालक हजर. मी मुद्दाम केलं असं कुणी म्हटलं नाही एवढंच. लेखी खुलासा द्यावा लागला.

समोच्च

हे फार महत्त्वाचं, माझ्या यादीतून राहिलंच. परदेशी बनावटीच्या बहुतेक फुकट फाइलींमध्ये प्रत्यक्ष ताब्याप्रमाणे सीमा असतात. भारताची बाह्य सीमा चुकीची दाखवणारा नकाशा प्रसिद्ध करणं आपल्याकडे गुन्हा आहे, १९६१ चा कायदा आहे त्यासाठी. सर्व्हे ऑफ इंडियाच्या ऑनलाइन नकाशा पोर्टलवर देश-राज्य-जिल्हा सीमा मिळतात, त्याच वापरायच्या. एकदाच उतरवा, पेनड्राइव्हवर सगळ्यांना द्या आणि सांगा की वर्गात दुसरा भारत वापरायचा नाही. इस्रोचं भुवन हे नकाशांचं संकेतस्थळ २००९ पासून आहे, त्यावरही सीमेची भानगड नाही. एनसीईआरटीसोबत केलेलं स्कूल भुवनही आहे, ते मुलांना थेट उघडून देता येतं.

खाडीकाठ

सगळं वाचतेय आणि थोडा हेवा वाटतोय. नऊ मशीन! आमची शाळा पूर्व उपनगरात, खाडीच्या बाजूला. संगणक कक्षाला कुलूप आहे आणि किल्ली असलेले सर बीएलओच्या (मतदार यादीच्या) कामावर. माझा एक मोबाइल, त्यात नेट दुपारी रडतं. सातवी-आठवीची ३४ मुलं.

आणि दुसरी गोष्ट. मी माझ्या मुलांची वस्ती नकाशावर उघडून दाखवली. मोठा रस्ता आहे, नाला आहे, मधे राखाडी ठिगळ. त्या ठिगळात माझी सगळी मुलं राहतात. एक जण म्हणाला, "बाई, आपण नाहीच इथे." उपग्रहाच्या चित्रात निळी ताडपत्री आणि पत्रे दिसतात, पण नावाचा नकाशा कोरा. मला यावर काहीतरी करायचंय. कसं, ते सुचत नाही.

समोच्च

@खाडीकाठ, ते ठिगळ भरायची सोय आहे. ओपनस्ट्रीटमॅप कुणालाही भरता येतो. २००४ साली इंग्लंडमध्ये सुरू झाला आणि तिथेही सुरुवात अशीच झाली, लोक पायी आणि सायकलवर फिरून रस्ते नोंदवायचे. मराठी नावासाठी वेगळा रकाना आहे त्यात. संगणक नको. पडद्याचा फोटो ए३ वर छापा, मुलांना पेन्सिल द्या, गल्ल्या चालून काढू दे. घरी येऊन तुम्ही एका बैठकीत भरा.

पाटीपेन्सिल

आणि वरून बटर पेपर लावा बाई, मिठाईवाल्याकडे मिळतो. छापील कागद खराब होत नाही. अंतर पावलांनी मोजायला लावा. आधी प्रत्येकाने शाळेच्या व्हरांड्यात शंभर पावलं चालून आपलं पाऊल किती सेंटिमीटरचं ते काढायचं. आम्ही असंच करायचो. (बघा, यंत्राला मदतच करतोय मी.)

नकाशेवाली

दुसऱ्या आणि तिसऱ्या शनिवारचा वृत्तांत.

दुसऱ्या शनिवारी काका खरोखर आले, बगलेत गुंडाळी. चिकटपट्टी पिवळी पडलीय, पण सांधा तसूभर हललेला नाही. वीस मिनिटं कुणी संगणकाकडे बघितलं नाही. मग तीच जागा क्यूजीआयएसमध्ये उघडून १९ अंशाची रेषा टाकली. ती लोअर परळच्या पुढे पडल्यावर काकांचा चेहरा बघण्यासारखा होता.

त्यानंतर क्षेत्रघनी, म्हणजे प्रत्येक भागाला आकड्याप्रमाणे छटा देणारा नकाशा. नववीला टिंब, क्षेत्रघनी, समघनी आपण फळ्यावर शिकवतो, मुलं पाठ करतात. मी दोनच जिल्हे घेतले, मुंबई शहर आणि मुंबई उपनगर, २०११ ची जनगणना. शहर ३०,८५,४११. उपनगर ९३,५६,९६२. नकाशा रंगवला: उपनगर गडद लाल, शहर फिकट. एक सर ठामपणे म्हणाले, "म्हणजे उपनगरात गर्दी तिप्पट." मी म्हटलं, सर, संध्याकाळी सहाला परळच्या पुलावर भेटू.

मग क्षेत्रफळाचा रकाना जोडला. शहर १५७ चौ.किमी., उपनगर ४४६. भागाकार केला तर शहरात दर चौ.किमी.ला सुमारे १९,६५० माणसं, उपनगरात सुमारे २०,९८०. म्हणजे जवळपास सारखीच. आता नकाशा एकसारखा दिसेल असं सगळ्यांना वाटलं. रंगवला, तर पुन्हा उपनगर गडद, शहर फिकट! पाच मिनिटं कुणाला कळेना. आकडे बरोबर, रंग तेच.

कारण एका तरुण मॅडमना सापडलं. यंत्राला दोन गट करायला सांगितलं होतं. त्याने लहान आकड्याला फिकट आणि मोठ्याला गडद दिला, फरक हजाराचा आहे की लाखाचा याच्याशी त्याला देणंघेणं नाही. गटांच्या मर्यादा हाताने ०, १०,०००, २०,०००, ३०,००० अशा लिहिल्या. तरीही दोघं वेगळ्या गटांत, कारण २०,०००ची रेघ नेमकी दोघांच्या मधून गेली. त्याऐवजी १५,००० ते २५,००० असा गट केला तेव्हा कुठे एकच रंग आला. मग वाद जुंपला: कुठली मर्यादा 'खरी'? सगळ्याच खऱ्या आणि सगळ्या आपण ठरवलेल्या. वर्तमानपत्रात रंगीत नकाशा छापून येतो तो कुणीतरी असाच कुठेतरी रेघ मारून रंगवलेला असतो, हे आमच्यापैकी निम्म्यांनी पहिल्यांदाच अनुभवलं. मीही त्यात.

तिसऱ्या शनिवारी गूगल अर्थ प्रो, त्यातली जुन्या चित्रांची पट्टी. वांद्रे-वरळी सागरी सेतू २००९ चा. पट्टी मागे ओढली की पूल नाहीसा होतो, त्याआधीचं नुसतं पाणी. तिथून मिठी. विहार-पवईकडून माहीमच्या खाडीपर्यंत जेमतेम १८ किलोमीटरची नदी, पण तिचा काठ वर्षागणिक कसा सरकला ते पट्टी हलवत बघायला मिळालं. इथे मी अभिमानाने एक गोष्ट केली. २६ जुलै २००५: सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी, कुलाब्याला पाऊणशेच्याही आत. हे दोन बिंदू टाकून मुंबईचा समघनी (सारख्या मूल्याच्या जागा रेषांनी जोडणारा) नकाशा काढला. निळ्याच्या अशा सुंदर छटा आल्या की टाळ्या पडल्या. चित्र वर्गात लावणार आहे.

पाटीपेन्सिल

बाई, ते चित्र कृपया लावू नका.

दोन ठिकाणच्या पावसावरून अख्ख्या शहराचा पाऊस? घाटकोपरला किती पडला ते तुम्हाला माहीत नाही, यंत्रालाही नाही. त्याने दोन आकड्यांच्या मधे रंग पसरून दिला. फळ्यावर दोन बिंदू मांडून समघनी काढा असं सांगितलं असतं तर एखाद्या ढ मुलानेही विचारलं असतं, "सर, रेषा कुठून नेऊ?" हाताला अडतं ते यंत्राला अडत नाही. मी पहिल्या प्रतिसादात म्हणत होतो ते हेच, तेव्हा मला नीट मांडता आलं नव्हतं.

समोच्च

काकांना दंडवत. आमच्याकडे पगार घेणारे लोक हेच करतात आणि त्याचा अहवालही छापतात. अंतर्वेशन (दोन नोंदींच्या मधले आकडे अंदाजाने भरणं) कुणी कितीही बिंदूंवर करू शकतं, यंत्र नाही म्हणत नाही.

त्याच जातीचं अजून एक. स्पेस शटलच्या रडारने २००० साली घेतलेली उंची फुकट मिळते, त्यावरून समोच्चरेषा काढायचा मोह होईल. राष्ट्रीय उद्यानात काढा, झकास येतील, डोंगरच आहेत. परळ-दादरला काढू नका. रडारने जमीन नाही, जमिनीवर जे होतं त्याची उंची पाहिली. इमारती आणि झाडांभोवती गुंतवळ येईल आणि मुलं विचारतील ही टेकडी कुठली.

नकाशेवाली

काढलं. टाळ्या परत. :(

पण टाकून नाही दिलं. चौथ्या शनिवारी तेच चित्र पडद्यावर लावलं, आकडे लपवले आणि विचारलं, "हा नकाशा किती ठिकाणच्या नोंदींवरून काढला असेल?" उत्तरं आली वीस, पन्नास, एक जण म्हणाला दोनशे. मग दोन टिंबं दाखवली. खोलीत शांतता. त्यानंतर सगळ्यांनी आपापल्या धड्यात हा प्रश्न घातला: नोंदी कुठल्या, किती, कोणी घेतल्या.

पाचवा शनिवार फक्त पाठ-टाचणांचा. प्रत्येकाने एक धडा, एक प्रश्न, जास्तीत जास्त तीन बटणं. चौदापैकी अकरा जणांनी आणलं. एकाने अठरा बटणांचं आणलं, त्याला चहा पाजून परत पाठवलं. पुढे ज्याला ज्ञान वाढवायचंय त्यांच्यासाठी डेहराडूनच्या आयआयआरएसचे ऑनलाइन मोफत वर्ग आहेत, इस्रोचीच संस्था, तो दुवा ग्रुपवर टाकला. मी स्वतः नाव नोंदवणार आहे.

@खाडीकाठ, तुमचं काय झालं?

खाडीकाठ

झालं. म्हणजे चालू आहे.

ए३ च्या आठ प्रती, वर बटर पेपर, चार-पाच जणांचे गट. पावलं मोजून झाली (व्हरांड्यात भांडणं झाली, कोण लांब ढांगा टाकतंय म्हणून). पहिल्या दिवशी घरं पण काढायची असं ठरलं होतं. तिसऱ्या गल्लीत एका मावशींनी मुलांना अडवलं. "कसला सर्वे? एसआरएचा का? कोणी पाठवलं?" (एसआरए म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसन.) बघता बघता दहा-बारा बायका जमल्या. मी समजावलं, शाळेचा अभ्यास आहे, भूगोल. त्यांनी ऐकून घेतलं, पण एकीने बटर पेपरवर बोट ठेवून विचारलं, "मग आमचं घर कशाला काढलंय यात?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिथेच ठरवलं, घरं नाहीत. गल्ल्या, नळ, संडास, बालवाडी, आणि पावसात पाणी कुठवर चढतं त्याच्या खुणा. घरांची रेघ मुलांनी मावशींसमोरच खोडली. त्यानंतर त्याच मावशी २००५ चं पाणी कुठवर होतं ते भिंतीवर हात लावून दाखवत होत्या.

आठ कागद जुळवले, रात्री बसून बावीस गल्ल्या भरल्या. दुसऱ्या दिवशी मोबाइल वर्गात फिरवला. राखाडी ठिगळात रेघा आल्यात. ज्या मुलाने "आपण नाहीच इथे" म्हटलं होतं त्याने फोन दोनदा मागून घेतला, काही बोलला नाही.

आता अडलंय नावावर. एका गल्लीला अर्धा वर्ग 'टाकीची गल्ली' म्हणतो आणि अर्धा 'आज्जीची गल्ली'. टाकी चार वर्षांपूर्वी काढली, आज्जीही गेल्या. दोन्ही गट हटून बसलेत, मतदान घेतलं तर सतरा-सतरा. समोच्च, काय लिहू?

समोच्च

पर्यायी नावाचा रकाना असतो. दोन्ही लिहा.

खाडीकाठ

आणि पहिलं कुठलं?